रस्त्याचा खर्च कोणाच्या खिशातून?

‘सरकारने कमीत कमी कामे करावीत’ असे कोणी म्हटले की समोरून हमखास एक प्रश्न येतो: मग रस्ते कोण बांधणार? हा प्रश्न इतक्यांदा विचारून झाला आहे की लिबर्टेरियन मंडळी आपापसांत त्याची थट्टाही करतात. थट्टा बाजूला ठेवली, तरी प्रश्नाची मांडणी थोडी चुकलेलीच आहे. रस्ता बांधण्याचे काम आजही बहुतेक देशांत खासगी कंत्राटदारच करतात; खडी पसरणारे यंत्र कोणाच्या मालकीचे आहे याने डांबराला काही फरक पडत नाही. वाद वेगळ्याच गोष्टींचा आहे. रस्त्याचे पैसे कोणाकडून घ्यायचे, कोणत्या अधिकाराने घ्यायचे आणि रस्त्याखालची जमीन मिळवायची कशी? पहिल्या दोन प्रश्नांची लिबर्टेरियनांनी दिलेली उत्तरे त्यांच्या विरोधकांना वाटतात त्यापेक्षा बरीच भक्कम आहेत. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र त्यांची गाडी अजून रुतलेलीच आहे, असे माझे मत आहे.

आधी लिबर्टेरियन म्हणजे कोण, ते पाहू. माणसाचा स्वतःच्या शरीरावर आणि रास्त मार्गाने मिळवलेल्या मालमत्तेवर पूर्ण हक्क असतो आणि त्याच्या संमतीवाचून तो हक्क कोणीही, अगदी बहुमताने निवडून आलेल्या सरकारनेही, मोडू नये, ही या विचाराची बैठक. कर न भरल्यास शिक्षा होते, म्हणजे कर ही अखेर सक्तीची वसुली आहे, हे त्यातून ओघाने येते. पण एवढ्या एका बैठकीवर बसलेल्या लोकांची मते एकसारखी नाहीत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांनी १९७३ साली असे मांडले की गल्लीबोळांपासून महामार्गांपर्यंत सगळेच रस्ते खासगी मालकीचे असावेत. त्यांना राज्यसंस्थाच नको होती. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांच्या १९७४ सालच्या मांडणीत राज्य आहे, पण ते हिंसा, चोरी आणि फसवणूक यांपासून संरक्षण देण्यापुरते आणि करार पाळले जातील हे पाहण्यापुरते. रस्ते त्या यादीत बसत नाहीत. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची भूमिका अधिक व्यवहारी होती. १९६२ साली त्यांनी रस्त्यांचे दोन प्रकार केले. ज्या रस्त्यावर ठिकठिकाणांहून शिरता येते तिथे टोल वसूल करणे फार महाग पडते, म्हणून तो सरकारकडे राहिला तर चालेल आणि इंधनावरचा कर हे त्याचे साधारण भाडे समजावे. लांब पल्ल्याच्या, मोजक्याच ठिकाणी प्रवेश असलेल्या महामार्गाला मात्र सरकारने हात लावायचे काही कारण नाही. फ्रीडमन यांच्या या विभागणीचा सगळा भार ‘वसुली महाग पडते’ या एका कारणावर आहे, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या साठ वर्षांत नेमके तेच कारण ढिले पडत गेले.

सध्याच्या पद्धतीवर आक्षेप काय?

रस्ते जर सर्वसाधारण करांतून बांधले, तर जो रस्ता वापरतो तो आणि जो पैसे देतो तो ही दोन वेगळी माणसे होतात. घराबाहेर क्वचित पडणारी वृद्ध व्यक्ती आणि दिवसाला चार फेऱ्या मारणारा मालवाहतूकदार यांच्या कराचा रस्त्याच्या वापराशी काही संबंध उरत नाही. यात अन्याय आहे हा एक भाग झाला, पण लिबर्टेरियनांना जास्त खटकतो तो दुसरा भाग: किंमत नसल्यामुळे कोणता रस्ता खरोखर हवा आहे हे कळण्याची सोयच राहत नाही. ज्या वस्तूची किंमत ग्राहकाला दिसत नाही तिची मागणी फुगते आणि मग कुठे रुंदीकरण करायचे हे वाहनांच्या गरजेपेक्षा मतदारसंघाच्या वजनावर ठरू लागते.

इंधन कर हा यावरचा जुना तोडगा. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने १९१९ साली गॅलनमागे एक सेंट असा कर रस्त्यांसाठी बसवला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. जो जास्त चालवतो तो जास्त इंधन जाळतो, म्हणून तो जास्त भरतो, हे तर्काला पटण्यासारखे आहे. अनेक लिबर्टेरियनांना हा कर ‘वापरणाऱ्याने द्यावे’ या तत्त्वाच्या जवळचा म्हणून त्यातल्या त्यात सुसह्य वाटत आला आहे. पण त्याची धार बोथट झाली आहे. अमेरिकेचा संघराज्य पातळीवरचा पेट्रोलवरील कर १९९३ च्या कायद्याने गॅलनमागे १८.४ सेंट झाला आणि त्यानंतर वाढला नाही; त्याच काळात गाड्या कमी इंधनात अधिक धावू लागल्या, विजेवरच्या गाड्या तर हा कर भरतच नाहीत, आणि परिणामी महामार्गांसाठी १९५६ साली उभारलेल्या निधीत २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागत आहे. म्हणजे फिरून पुन्हा तेच: वापरणारा एक, भरणारा दुसरा.

इंधन कराचा यापेक्षाही मोठा दोष गाडीच्या वजनाशी निगडित आहे आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ रस्त्याची मुद्दाम वळसेदार पट्टे आखून चाचणी झाली. वेगवेगळ्या जाडीचे थर देऊन बांधलेल्या या पट्ट्यांवर लष्कराचे चालक ठरावीक भाराचे ट्रक रात्रंदिवस फिरवत राहिले. चाचणी संपेपर्यंत पट्ट्यांवरून चाकांच्या जोड्यांच्या दहा लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या होत्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. आसावरचा भार दुप्पट झाला की झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. एक टन भाराचा आस आणि दहा टन भाराचा आस यांची तुलना केली, तर दुसऱ्याने होणारी झीज पहिल्याच्या सुमारे दहा हजार पट भरते. जड ट्रक हा मोटारीच्या दहा हजार पट इंधन जाळत नाही, काही पट जाळतो. म्हणजे इंधन करात लहान गाडीवाला जड वाहनाच्या झिजेचा खर्च निमूटपणे उचलत असतो. विशेष म्हणजे तोच ट्रक जास्त आसांचा केला, तर भार विभागून झीज प्रचंड घटते. पण इंधन करात त्याबद्दल बक्षीस नाही, उलट जादा चाकांच्या घर्षणाने इंधन थोडे जास्तच लागते. न्यूझीलंडने १९७० च्या दशकाच्या अखेरीस डिझेल वाहनांसाठी वजन, आसांची रचना आणि कापलेले अंतर यांवर आधारलेले शुल्क सुरू केले, ते याच कारणाने. लिबर्टेरियन लेखनात या व्यवस्थेचा उल्लेख आदराने येतो, जरी ती चालवते सरकारच.

टोलची जुनी गोष्ट

वापरणाऱ्याकडून पैसे घ्यावेत ही कल्पना विसाव्या शतकाची नाही. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने गावकऱ्यांना वर्षातले चार दिवस, आणि थोड्याच वर्षांत सहा दिवस, रस्त्यावर बिनपगारी काम करणे बंधनकारक झाले होते. ही सरळसरळ वेठ होती आणि वेठीचे काम जसे व्हायचे तसेच ते होत असे. गावकऱ्याला गावातला रस्ता पुरेसा होता. त्यावरून दूरच्या शहरातल्या व्यापाऱ्याची जड गाडी जाते म्हणून त्याने का राबावे? त्यातून टोलची कल्पना पुढे आली. १६६३ मध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या एका भागावर संसदेच्या परवानगीने टोल बसला, अठराव्या शतकाच्या आरंभापासून स्थानिक जमीनदार आणि व्यापाऱ्यांची विश्वस्त मंडळे रस्ते चालवू लागली आणि १८३० च्या दशकात अशी हजाराहून अधिक मंडळे सुमारे बावीस हजार मैल रस्ते सांभाळत होती. त्यांना नफा वाटून घेण्याची मुभा नव्हती. पण टोलच्या उत्पन्नावर कर्ज काढता येत असे आणि त्यावर व्याज देता येत असे.

ही व्यवस्था डोळ्यांसमोर असतानाच १७७६ साली अॅडम स्मिथ यांनी रस्त्यांवर लिहिले. गाडीच्या वजनाच्या प्रमाणात टोल घेतला, तर ती गाडी जितकी झीज करते तितकेच भरते, म्हणून हा खर्च भागवण्याचा अतिशय न्याय्य मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे. इथवर लिबर्टेरियन मान डोलावतात. पण पुढचा मुद्दा त्यांना अडचणीचा आहे. स्मिथ म्हणतात की कालव्याचा टोल खासगी मालकाला द्यायला हरकत नाही, कारण कालव्याची निगा राखली नाही तर नावा जाणे बंद होते आणि मालकाचे उत्पन्नच बुडते. रस्त्याचे तसे नाही, रस्ता कितीही उखडला तरी लोक धक्के खात जातातच आणि मालक टोल गोळा करत राहतो. हे निरीक्षण अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे यावर खड्ड्यांतून गेलेल्या कोणाचाही चटकन विश्वास बसणार नाही. त्याच वेळी स्मिथ यांनी सरकारलाही मोकळे सोडलेले नाही: टोल एकदा सरकारी उत्पन्नाचे साधन झाला की रस्त्याला किती लागतात यापेक्षा सरकारला किती हवेत यावर दर ठरू लागतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. आज लिबर्टेरियन हा दुसरा भाग वारंवार सांगतात आणि त्यांचे टीकाकार पहिला.

टोलविरोधी संतापही जुनाच आहे. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकरी रात्री तोंडाला काजळी फासून, बायकांचे कपडे घालून टोलची फाटके फोडत. त्यांच्या म्होरक्याला ‘रिबेका’ म्हणत. बायबलमधल्या रिबेकेला दिलेल्या आशीर्वादात शत्रूंच्या वेशी ताब्यात घेण्याचा उल्लेख आहे, त्यावरून ते नाव पडले. गाऱ्हाणे खरे होते. छोट्याशा प्रदेशात अनेक मंडळांची फाटके दाटीवाटीने उभी होती आणि शेतात टाकायचा चुना आणायला निघालेल्या गाडीला एका खेपेत अनेकदा टोल भरावा लागे. १८४४ च्या कायद्याने ही मंडळे एकत्र करून जिल्ह्यांच्या हाती दिली. इतरत्र मंडळांचा शेवट बंडाने नव्हे तर आगगाडीने केला. लांब पल्ल्याची वाहतूक रुळांवर गेली, उत्पन्न आटले आणि शेवटचे मंडळ १८९५ मध्ये बंद झाले.

अमेरिकेतील गोष्ट थोडी निराळी. तिथे टोल रस्ते बांधणाऱ्या भागधारकांच्या खासगी कंपन्या होत्या. फिलाडेल्फियापासून लँकेस्टरपर्यंतचा ६२ मैलांचा रस्ता १७९२ च्या सनदेनुसार बांधला गेला आणि त्याच्या यशाने पुढच्या अर्धशतकात अशा कंपन्यांचे पेवच फुटले. पण या कंपन्यांनी भागधारकांना फारसा लाभांश कधी दिलाच नाही. सनदेत सवलतींची रांग असे: चर्चला जाणारा, गिरणीवर धान्य नेणारा, फाटकाच्या जवळपास राहणारा यांना टोल माफ, शिवाय फाटकाला वळसा घालून जाणाऱ्या वाटा लोकांनी पाडल्या होत्या, त्यांना ‘शनपाइक’ असे नावच पडले. तरीही लोक पैसे घालत राहिले, कारण रस्ता आला की आपल्या जमिनीचा भाव आणि गावचा व्यापार वाढणार हे त्यांना दिसत होते, आणि शेजाऱ्यांनी पैसे घातले असताना आपण मागे राहिलो तर चारचौघांत शोभत नसे. कर न बसवताही समूहाची कामे होऊ शकतात, याचा पुरावा म्हणून लिबर्टेरियन हे उदाहरण देतात. मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते: रस्त्याचा खरा फायदा टोलच्या पेटीत पडत नाही, तो आजूबाजूच्या जमिनीत मुरतो. या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

फुकट्यांचा प्रश्न

अर्थशास्त्रात ‘सार्वजनिक वस्तू’ ठरण्यासाठी दोन अटी लागतात. एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडू नये, आणि पैसे न देणाऱ्याला वापरापासून अडवता येऊ नये. दुसरी अट पुरी झाली की फुकटे निर्माण होतात आणि फुकट्यांच्या भीतीने कोणीच पैसे घालत नाही, म्हणून कर लावणे भाग पडते, असा युक्तिवाद आहे. लिबर्टेरियनांचा प्रतिवाद असा की रस्ता या दोन्ही अटींत नीट बसत नाही. गर्दीच्या वेळी एक गाडी वाढली की मागच्या सगळ्यांना कमी पडते; आणि अडवण्याबाबत म्हणाल, तर गाडीवरची चिठ्ठी किंवा क्रमांकपट्टी धावत्या गाडीतही वाचणारी यंत्रे आल्यापासून फाटक, रांग आणि सुट्टे पैसे यांची गरज उरलेली नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ साली सुचवलेली ‘क्लब’ची कल्पना रस्त्याला अधिक चपखल बसते: काही मर्यादेपर्यंत सभासद वाढले तरी कोणाला त्रास होत नाही, त्यापुढे खेचाखेच होते, आणि सभासद नसलेल्याला दारात थांबवता येते.

यावर एक जुना आणि टोकदार आक्षेप आहे. फ्रेंच अभियंते ज्यूल द्युप्युई यांनी १८४० च्या दशकात पुलाचे उदाहरण घेऊन तो मांडला. पूल बांधून झाला आहे, त्यावर गर्दी नाही, आणखी एक माणूस गेला तर कोणाचाही एक पैसा जास्त खर्च होत नाही. अशा वेळी टोल ठेवला, तर ज्याला पलीकडे जाण्याचा फायदा टोलपेक्षा थोडा कमी आहे तो परत फिरेल, म्हणजे कोणाचेही नुकसान न करता होऊ शकला असता असा एक फायदा वाया जाईल. मग अशा पुलाचा टोल शून्यच असायला नको का? अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९४६ साली या धाटणीच्या युक्तिवादाला दिलेले उत्तर लिबर्टेरियनांना फार प्रिय आहे: टोल शून्य ठेवला तर बांधणीचा खर्च ज्यांनी पूल कधी पाहिलाही नाही त्यांच्यावर पडतो आणि मुळात हा पूल बांधण्याइतकी गरज होती का, हे तपासायची एकमेव खरी परीक्षा, म्हणजे लोक खिशातून पैसे काढतात का ही, आपण स्वतःहून रद्द करतो. तोडगा म्हणून वर्षाची ठोक वर्गणी आणि प्रत्येक खेपेला नाममात्र किंवा शून्य शुल्क अशी दुहेरी आकारणी करता येते.

आणि प्रत्येक रस्त्यावर टोल असलाच पाहिजे असेही नाही. उंच इमारतीतल्या लिफ्टचे तिकीट कोणी काढत नाही; ती उभी सरकणारी वाटच आहे, पण तिचा खर्च जागेच्या भाड्यात मिसळलेला असतो, कारण लिफ्टशिवाय दहाव्या मजल्याला भाडेकरूच मिळणार नाही. मॉलमधल्या मार्गिकाही तशाच फुकट असतात, कारण दुकानदारांना गिऱ्हाईक हवे असते. वस्तीतले अंतर्गत रस्ते घरांच्या किमतीत, बाजारपेठेतले रस्ते दुकानांच्या वर्गणीत आणि फक्त लांबचे महामार्ग टोलवर, अशी विभागणी रॉथबार्ड यांच्यापासून पुढच्या बहुतेकांनी थोड्याफार फरकाने मांडली आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात एकोणिसाव्या शतकापासून काही रस्ते तिथल्या रहिवाशांच्या मालकीचे आहेत आणि त्यांची देखभाल रहिवासी वर्गणीतून करतात.

गर्दीच्या शुल्कावर मात्र लिबर्टेरियनांत उघड फूट आहे. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून या शुल्काचा पाठपुरावा केला; १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर अवघ्या तीन दिवसांत त्यांना मृत्यूने गाठले. त्यांचा विचार साध्या हिशेबाने कळतो. भरलेल्या रस्त्यावर तुमची गाडी शिरल्याने मागच्या दोन हजार गाड्यांना प्रत्येकी दोन सेकंद उशीर झाला, तर एकूण चार हजार सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ तुम्ही इतरांचा खाल्लात. तुमच्या वाट्याला मात्र फक्त तुमचा स्वतःचा उशीर आला. हा फरक शुल्काने भरून काढावा, म्हणजे ज्याचे काम अडणार नाही तो दुसऱ्या वेळी निघेल. सिंगापूरने १९७५ मध्ये कागदी परवान्यांनी हे सुरू केले आणि १९९८ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक केले. लंडनने २००३ मध्ये ५ पौंडांपासून आरंभ केला. स्टॉकहोमने २००६ मध्ये काही महिने प्रयोग करून पाहिला, वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली, मग नागरिकांचा कौल घेतला आणि पुढच्या वर्षी शुल्क कायम केले. फ्रीडमन यांच्या वळणाचे लोक याला बाजाराच्या दिशेने टाकलेले पाऊल समजतात. रॉथबार्ड यांच्या वळणाचे लोक विचारतात की स्पर्धक नसलेल्या मालकाने हव्या त्या दराने घेतलेल्या पैशाला ‘किंमत’ म्हणायचे की ‘कर’? शिवाय हे रस्ते लोकांच्याच करातून बांधलेले आहेत, तेव्हा एकाच वस्तूचे दोनदा पैसे का द्यावेत? मला हा दुसरा आक्षेप बिनतोड वाटतो, जोवर शुल्काच्या बदल्यात दुसरा एखादा कर कमी होत नाही तोवर.

याच ठिकाणी लिबर्टेरियन एका कोंडीत सापडतात. वापरानुसार अचूक आकारणी करायची, तर गाडी कुठे आणि कधी होती हे कोणाला तरी कळलेच पाहिजे. आणि हे कळणे म्हणजेच पाळत, जिचा त्यांना सर्वांत जास्त तिटकारा. हाँगकाँगमध्ये १९८३ ते १९८५ या काळात सुमारे अडीच हजार गाड्यांना इलेक्ट्रॉनिक पट्ट्या लावून चाचणी झाली, यंत्रणा उत्तम चालली, पण महिन्याच्या बिलातून आपली ये-जा उघडी पडेल या धास्तीने लोकांनी ती नाकारली. सिंगापूरच्या १९९८ च्या व्यवस्थेत गाडीतल्या यंत्रात आधीच पैसे भरलेले कार्ड घालायचे आणि शुल्क तिथल्या तिथे वळते व्हायचे, ही त्यावरची एक वाट होती.

मक्तेदारी आणि दिवाळे

खासगी रस्त्याचा मालक मनमानी करील, ही भीती कितपत खरी? कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड फ्रीवेच्या मधल्या मोकळ्या पट्टीत एका खासगी कंपनीने सुमारे दहा मैलांच्या टोल मार्गिका बांधल्या आणि त्या १९९५ च्या डिसेंबरात खुल्या झाल्या. तासागणिक बदलणारे दर, थांबा नाही, फाटक नाही, शेजारी तोच रस्ता फुकट उपलब्ध. सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पण करारात एक कलम होते: दोन्ही बाजूंच्या दीड मैलांत सरकारने रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही. शेजारच्या फुकट मार्गिका तुंबू लागल्या तरी सरकारचे हात बांधलेले राहिले, लोक चिडले, खटले झाले आणि अखेरीस २००३ मध्ये स्थानिक परिवहन प्राधिकरणाने २० कोटी ७५ लाख डॉलर देऊन त्या मार्गिका विकत घेतल्या. टीकाकार म्हणतात, पाहा, खासगी मक्तेदारी. लिबर्टेरियन म्हणतात, स्पर्धा रोखणारे कलम सरकारनेच लिहून दिले होते. दोघेही बरोबर आहेत, पण एवढा पैसा अडकवणारा गुंतवणूकदार असे कलम मागणारच आणि उद्या शेजारी फुकटचा रस्ता होणार नाही याची हमी सरकारखेरीज कोणी देऊही शकत नाही, हे लिबर्टेरियनांनी मान्य करायला हवे.

दिवाळ्याच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू वरचढ ठरते. इंडियाना राज्याने आपला टोल महामार्ग २००६ मध्ये ७५ वर्षांसाठी सुमारे ३.८ अब्ज डॉलरना भाडेपट्ट्याने दिला. वाहतुकीचे अंदाज चुकले आणि चालवणारी कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. रस्ता एक दिवसही बंद पडला नाही, नवा खरेदीदार आला आणि चुकलेल्या अंदाजाची किंमत गुंतवणूकदारांनी व धनकोंनी मोजली. तोच अंदाज सरकारने चुकवला असता तर ती करदात्याने मोजली असती.

जमीन

आता अवघड भाग. रस्ता ही सलग पट्टी असते. शंभर जमीनमालकांपैकी नव्याण्णव तयार झाले आणि एकाने नकार दिला, तर रस्ता नव्याण्णव टक्के होत नाही, तो होतच नाही. म्हणून शेवटी अडून बसणाऱ्याला सगळ्यात मोठी रक्कम मिळते आणि हे माहीत असल्याने प्रत्येकालाच शेवटचा व्हायचे असते. सरकार सक्तीच्या भूसंपादनाने हा पेच कापून काढते. लिबर्टेरियनांना तो मार्ग बंद आहे, कारण राजीखुशीने न विकणाऱ्याची जमीन घेणे म्हणजे त्यांच्या मूळ तत्त्वाचाच भंग.

त्यांनी सुचवलेले उपाय कल्पक आहेत. एकाच मार्गावर न अडता तीन-चार पर्यायी मार्गांवरच्या मालकांशी ‘रस्ता ठरला तर या भावाने विकू’ असे सशर्त करार करायचे आणि जो मार्ग आधी व स्वस्तात सलग होईल तो घ्यायचा. म्हणजे अडणाऱ्याशी दुसऱ्या मार्गावरचा मालक स्पर्धा करतो. किंवा खरेदीदार कोण हे उघड न करता निरनिराळ्या नावांनी जमीन घ्यायची. खासगी रस्त्यांचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ वॉल्टर ब्लॉक तर म्हणतात की अडलेल्या तुकड्याच्या वरून पूल किंवा खालून बोगदा न्यावा. खुल्या रानात नवा महामार्ग काढताना यातले पहिले दोन उपाय चालू शकतील. दाट वस्तीत, जिथे दुसरा मार्गच नाही, तिथे ते कोलमडतात, आणि पूल-बोगद्याची सूचना म्हणजे प्रश्नाचे उत्तर नसून प्रश्नाची किंमत वाढवणे आहे.

उलट बाजूने पाहिले तरी जमीनच आडवी येते. तुमच्या घराभोवतीचे सगळे रस्ते कोणी विकत घेतले आणि तुम्हाला वाट नाकारली, तर? रॉथबार्ड यांचे उत्तर असे की घर घेणारा शहाणा माणूस जाण्यायेण्याचा हक्क करारात लिहून घेतल्याशिवाय घर घेणारच नाही. नव्या वस्तीला हे लागू पडेल. पण पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचे काय? इथे जुना कायदा अधिक समंजस दिसतो: चहूबाजूंनी कोंडलेल्या जमिनीला गरजेपोटी वहिवाटीचा हक्क मिळतो आणि तो शेजाऱ्याला नाकारता येत नाही. अनेक लिबर्टेरियन हा हक्क मान्य करतात. तो मान्य केला की रस्त्याची मालकी ही घराच्या मालकीसारखी निखळ राहत नाही, हेही मान्य करावे लागते.

एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज यांचा वारसा सांगणारा एक छोटा लिबर्टेरियन गट जमिनीकडे वेगळ्याच नजरेने पाहतो. जॉर्ज यांनी १८७९ साली मांडले की जमिनीचे मोल मालकाच्या कष्टाने नव्हे, आजूबाजूच्या समाजाने वाढते, म्हणून कर लावायचाच तर तो फक्त त्या मोलावर लावावा. नवा रस्ता झाला की कडेच्या जमिनीचे भाव वाढतात. ती वाढच रस्त्याच्या खर्चाकडे वळवली, तर टोलची फाटकेही नकोत आणि पाळतही नको. अमेरिकेतल्या त्या लाभांश न देणाऱ्या कंपन्यांचे भागधारक अजाणता हेच करत होते. बाकीचे लिबर्टेरियन यावर भडकतात, कारण न विकलेल्या जमिनीच्या कागदावरच्या भाववाढीवर पैसे मागणे हा त्यांच्या लेखी करच.

सरकारविना रस्ते चालतात याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून स्वीडनचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. तिथे लांबीच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक रस्ते खासगी आहेत; वाहतूक त्यांवर थोडीच असते, पण शेतांकडे, जंगलांकडे आणि विरळ वस्त्यांकडे नेणारे ते रस्ते कडेच्या मालमत्तांचे मालक संस्था स्थापून सांभाळतात. वर्गणीचा हिशेब पाहण्याजोगा आहे. कायम राहते घर, उन्हाळी घर, शेत, जंगल अशा प्रत्येक प्रकारासाठी वर्षाला किती टन वाहतूक होईल याचा अंदाज धरतात, ती मालमत्ता त्या रस्त्याचा किती लांबीचा भाग वापरते याने त्याला गुणतात आणि येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात वाटा ठरवतात. ओटावाच्या ट्रकांनी सिद्ध केलेले तत्त्व इथे बर्फातल्या वाटेवर ढोबळमानाने का होईना, राबवले जाते. मात्र यातल्या अनेक रस्त्यांना सरकारी अनुदान मिळते आणि ते घेतले की रस्ता सर्वांना खुला ठेवावा लागतो. शिवाय संस्थेचे सभासदत्व माणसाला नव्हे, मालमत्तेला जोडलेले असते. घर विकत घेणारा त्या रस्त्याचा वाटेकरी आपोआप होतो, त्याची संमती कोणी विचारत नाही, आणि ‘मला रस्ता नको, मी रानातून चालत जाईन’ असे म्हणून त्याला वर्गणी चुकवता येत नाही.